नसांच्या वेदनेवरील औषधे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तळपायांची आग, मुंग्या, शॉक बसल्यासारख्या कळा आणि नुसत्या स्पर्शानेही होणारी वेदना यांविषयी नागपुरातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझे वय ६४ असून मी निवृत्त शिक्षक आहे. मला १५ वर्षांपासून मधुमेह आहे. अलीकडे रात्री दोन्ही तळपायांची असह्य आग होते, चादर अंगावर घेववत नाही, आणि कूलरची हवा पायांवर आली तरी सुया टोचल्यासारखे वाटते. फॅमिली डॉक्टरांनी एक गोळी दिली, हाडांच्या डॉक्टरांनी दुसरी दिली. मी दोन्ही रात्री घेतो. दुखणे वाढले की औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणतो. दिवसभर गुंगी असते, पावले सुजतात, तोंडाला कोरड पडते आणि प्रोस्टेट वाढलेले असल्यामुळे आधीच अडखळत होणारी लघवी आता आणखी अडते. मधुमेहाच्या डॉक्टरांनी नुकतेच ड्युलॉक्सेटीन लिहून दिले, परंतु ते नैराश्यावरचे औषध असल्याचे वाचल्यामुळे मी ते सुरू केलेले नाही. मला कोणताही मानसिक आजार नाही. या दुखण्यावरचे खरे औषध कोणते? सर्व गोळ्यांच्या पाकिटांची छायाचित्रे आणि रक्ताचा अहवाल सोबत जोडला आहे.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आपण पाकिटांची छायाचित्रे पाठवलीत हे फार चांगले केले, कारण आपल्या निम्म्या त्रासाचे उत्तर त्या पाकिटांच्या मागच्या बारीक अक्षरांतच आहे. पहिल्या पाकिटावर प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन असे छापले आहे. दुसऱ्या पाकिटाचे नाव, रंग आणि कंपनी वेगळी आहे, पण त्यातही प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅमच आहे आणि त्याच्या जोडीला नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दोन निरनिराळी औषधे घेत असल्याचे समजून आपण एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेत आहात. आपल्या अहवालात क्रिएटिनिन १.६ आहे, वय आणि वजन लक्षात घेता आपल्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता साधारण निम्म्यावर आली आहे. प्रीगाबालिन शरीरात फारसे मोडले जात नाही, ते जवळजवळ जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंडे मंदावलेल्या माणसाच्या रक्तात ते साचत जाते आणि १५० मिलिग्रॅमचा परिणाम त्याहून बऱ्याच मोठ्या मात्रेसारखा होतो. गुंगीचे कारण बहुधा हेच असावे. पायांवरची सूज हा प्रीगाबालिनचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि आपण मधुमेहासाठी घेत असलेल्या पायोग्लिटाझोनमुळे ती आणखी वाढते. तोंडाची कोरड आणि अडणारी लघवी यांमागे नॉरट्रिप्टिलिन असण्याचा दाट संभव आहे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना या गटातील औषधे शक्यतो टाळावीत किंवा फार जपून द्यावीत असा संकेत आहे.

डायक्लोफेनॅकविषयी मला स्पष्ट शब्दांत सांगायचे आहे. सांधा सुजला, मुका मार लागला किंवा दात ठणकला, तर त्या जागी तयार होणारी दाहकारक द्रव्ये कमी करून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या आराम देतात. आपल्या दुखण्यात तळपायाला काहीही झालेले नाही. तेथून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसाच मधुमेहाने खराब झाल्या आहेत आणि त्या कारण नसताना वेदनेचे संदेश पाठवत आहेत. अशा वेदनेवर या गोळ्यांचा जवळजवळ उपयोग होत नाही, मूत्रपिंडांना मात्र त्या नक्की इजा करतात. क्रिएटिनिन १.६ असलेल्या मधुमेही माणसाने त्या स्वतःहून विकत घेऊन खाणे तातडीने थांबवले पाहिजे.

आता ड्युलॉक्सेटीनविषयी. मेंदूच्या खालच्या भागातून पाठीच्या कण्यात उतरणारी एक यंत्रणा वेदनेचे संदेश वर जाण्यापूर्वीच दाबत असते आणि त्यासाठी ती नॉरॲड्रिनॅलिन व सेरोटोनिन ही रसायने वापरते. ड्युलॉक्सेटीन, अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन ही औषधे नसांच्या टोकांशी या रसायनांचे प्रमाण वाढवतात, म्हणून माणूस उदास असो वा नसो, ती वेदनेवर काम करतात. अमिट्रिप्टिलिन १९६१ पासून नैराश्यासाठी वापरात आहे, पण वेदनेसाठी ते बहुतेक वेळा १० ते २५ मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत सुरू करतात. नैराश्यावर इतक्या कमी मात्रेचा सहसा उपयोग होत नाही. आणि आपण इतके दिवस निःशंकपणे घेत असलेले प्रीगाबालिन तरी कोणत्या गटातले? ते आणि गॅबापेन्टिन ही मुळात अपस्माराची, म्हणजे फिट्सची औषधे आहेत. नसांमधील कॅल्शियमच्या मार्गिकांवर बसून ती संदेशांचा भडिमार कमी करतात. या दुखण्यावरची बहुतेक उपयोगी औषधे दुसऱ्या आजारांकडून आलेली आहेत. डॉक्टरांनी आपल्याला मनोरुग्ण ठरवले असा त्याचा अर्थ कृपया लावू नये.

खरे औषध कोणते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना अपुरे वाटेल, पण ते असेच आहे. २०२२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहामुळे नसा दुखणाऱ्या १३० रुग्णांना वेगवेगळ्या क्रमाने तीन उपचारपद्धती देण्यात आल्या : आधी अमिट्रिप्टिलिन आणि गरज पडल्यास जोडीला प्रीगाबालिन, आधी प्रीगाबालिन आणि नंतर अमिट्रिप्टिलिन, किंवा आधी ड्युलॉक्सेटीन आणि नंतर प्रीगाबालिन. शून्य ते दहाच्या मापावर सुरुवातीची सरासरी वेदना ६.६ होती आणि १६ आठवड्यांनंतर तिन्ही पद्धतींत ती सारखीच, ३.३ वर आली. फरक दिसला तो दुष्परिणामांत. प्रीगाबालिनने चक्कर, ड्युलॉक्सेटीनने मळमळ आणि अमिट्रिप्टिलिनने तोंडाची कोरड अधिक प्रमाणात झाली. म्हणून निवड गोळीच्या ‘ताकदी’वरून करायची नसते. रुग्णाचे मूत्रपिंड, हृदय, डोळे, प्रोस्टेट आणि वजन यांचा विचार करून ती करावी लागते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका असेल, तर अमिट्रिप्टिलिनचा गट टाळतात. यकृताचा आजार असेल किंवा मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली असेल, तर ड्युलॉक्सेटीन देत नाहीत. वजन आणि सूज वाढणे परवडणार नसेल, तर प्रीगाबालिनचा पुनर्विचार करावा लागतो.

या हिशेबाने पाहिले तर आपल्या मधुमेहतज्ज्ञांनी केलेली निवड मला योग्य वाटते. मात्र ड्युलॉक्सेटीन हे आधीच्या दोन गोळ्यांच्या भरीला तिसरी गोळी म्हणून सुरू करू नये. सर्व पाकिटे घेऊन त्यांच्याकडे जावे आणि नॉरट्रिप्टिलिन असलेली गोळी बंद करण्याविषयी व प्रीगाबालिन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी विचारावे. प्रीगाबालिन एकाएकी सोडले तर झोप उडते, घाम येतो, अस्वस्थता वाढते, म्हणून ते किमान आठवडाभर हळूहळू उतरवतात. ड्युलॉक्सेटीन सहसा ३० मिलिग्रॅमने, जेवणानंतर सुरू करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ६० वर नेतात. पहिल्या आठवड्यातली मळमळ बहुतेकांची आपोआप ओसरते; त्या आठवड्यात घाबरून औषध टाकून देणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. कॅप्सूल फोडून घेऊ नये. रक्तदाब तपासत राहावा आणि सोडियमची तपासणी एकदा करून घ्यावी, कारण उतारवयात या औषधाने ते कमी होऊ शकते. लघवी अडण्याचा त्रास या औषधानेही क्वचित होतो, तेव्हा तो वाढल्यास लगेच कळवावे.

नसांच्या वेदनेवरील औषध दुखेल तेव्हा घ्यायचे नसते. ते रोज, ठरल्या वेळी घ्यायचे असते आणि त्याला योग्य मात्रेत चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत मोठी चूक येथेच होते. दहा दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलतात, नवे डॉक्टर आणखी एक मिश्रण लिहितात आणि कोणत्याही एका औषधाला पुरती संधी न मिळता गोळ्यांची थैली तेवढी फुगत जाते. कॅलेंडरवर रोज रात्री वेदनेचा आकडा शून्य ते दहामध्ये लिहून ठेवावा. आठाचा आकडा पाचावर आला, रात्री सलग चार-पाच तास झोप लागू लागली, तर औषध उपयोगी पडत आहे. वेदना पूर्ण जाईल असे मी म्हणणार नाही, तसे थोड्यांच्याच बाबतीत होते. पुरेशा मात्रेत सहा आठवडे घेऊनही आकडा जागचा हलला नाही, तर ते औषध बंद करून दुसरे निवडावे, आणि थोडाच गुण आला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन औषधांची जोडी करावी.

एक विनंती उन्हाळ्याबद्दल. आग शमावी म्हणून बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसण्याची सवय आपल्या भागात फार आहे. मधुमेही पायाला आग जाणवते, पण बाहेरचा चटका किंवा गारठा अनेकदा जाणवत नाही. त्यामुळे बर्फाने कातडी मरते आणि मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालताना किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना तळव्याला फोड आला तरी तो संध्याकाळपर्यंत कळत नाही. साध्या पाण्याने पाय धुवावेत, टिपून कोरडे करावेत, रोज रात्री तळवे पाहावेत आणि अनवाणी चालू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ७६) चार महिन्यांपूर्वी छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली होती. फोड केव्हाच वाळले, पण त्या जागी इतके दुखते की त्यांना पदराचा स्पर्शही सहन होत नाही. नागीण उतरवून घेतली नाही म्हणून असे झाले, असे शेजारी म्हणतात. त्यांना कोणते औषध द्यावे?
— एक वाचक, महाल

उत्तर : लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो, तीच नागीण. त्या नसेला झालेली इजा मागे राहते, म्हणून फोड वाळले तरी वेदना उरते. उतरवून घेण्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि सासूबाईंनी किंवा आपण काही करायचे ठेवले असा बोल मनाला लावून घेऊ नये. नागीण उमटताच ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या तर फोड लवकर वाळतात आणि तीव्र दुखणे कमी होते. घरातील इतरांसाठी हे लक्षात ठेवावे. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी नागिणीची दोन मात्रांची लसही २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे.

वेदना एका मर्यादित पट्ट्यात आहे आणि वय ७६ आहे, म्हणून मी पोटात घेण्याच्या औषधांआधी वरून लावण्याच्या औषधांचा विचार करीन. लिडोकेन ५ टक्के असलेली पट्टी फोड पूर्ण भरलेल्या, अखंड त्वचेवर दिवसातून जास्तीत जास्त १२ तास लावता येते. ती रक्तात फारशी उतरत नसल्यामुळे गुंगी येत नाही आणि पदराचा स्पर्श तिच्यावरून होत असल्यामुळे तोही सुसह्य होतो. कॅप्सेसिनचे मलम हा दुसरा पर्याय आहे. भिवापुरी मिरचीला तिखटपणा देणारा घटक तोच. तो वेदनेच्या नसांची टोके हळूहळू थकवतो. ते दिवसातून तीन-चार वेळा आणि कित्येक आठवडे लावावे लागते, सुरुवातीला ते झोंबते, आणि लावणाऱ्याने हात साबणाने नीट धुतले नाहीत तर डोळ्यांत आगडोंब होतो. सासूबाईंना ते झोंबणे सहन होणार नसेल तर आग्रह धरू नये.

एवढ्याने भागले नाही तर गॅबापेन्टिन रात्री १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून सावकाश वाढवता येते. या वयात खरी भीती असते ती रात्री बाथरूमला उठताना तोल जाण्याची, म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्यांच्याजवळ कोणीतरी झोपावे. नॉरट्रिप्टिलिन द्यायचे ठरल्यास आधी ईसीजी काढावा. या गटातील औषधांनी घाम कमी येतो, आणि नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घाम न येणाऱ्या वृद्ध माणसाला उष्माघाताचा धोका वाढतो, ही गोष्ट औषध लिहिताना अनेकदा निसटते. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत त्यांना दुपारी घराबाहेर पाठवू नये आणि डॉक्टरांना मात्रेविषयी पुन्हा विचारावे.

प्रश्न : पायांना मुंग्या येतात म्हणून मी बी-१२ ची दहा इंजेक्शने घेतली. आता दर महिन्याला घेऊ का?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : आधी रक्तातील बी-१२ तपासलेले होते का, हे आपण लिहिलेले नाही. कमतरता असेल तर ही इंजेक्शने अत्यावश्यक आहेत आणि उशीर झाल्यास नसांची हानी भरून येत नाही. शुद्ध शाकाहारी व्यक्तींनी आणि अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनी ही तपासणी अवश्य करावी, कारण मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चे शोषण घटते. कमतरता नसताना मात्र मिथाइलकोबालामिनने वेदना कमी होते असा भक्कम पुरावा नाही. ‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत बी-६ सुद्धा असते, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच नसा खराब होतात, त्यामुळे पाकिटावरील प्रमाण वाचावे.

प्रश्न : मी ऑटो चालवतो. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळांसाठी प्रीगाबालिन आणि ट्रॅमाडॉल चालू आहे. याची सवय लागते काय?
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : दोन्हींची लागू शकते, ट्रॅमाडॉलची अधिक. ते अफूच्या वर्गातील औषध आहे आणि २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे. तीव्र दुखण्याचे थोडे दिवस निभावून नेण्यासाठी ते दिले जाते, महिनोन्महिने चालवण्यासाठी नाही. ही दोन औषधे एकत्र, आणि त्यातही दारूसोबत घेतली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. मात्रा सुरू करताना किंवा वाढवताना काही दिवस ऑटो बाहेर काढू नये. रोजचे उत्पन्न बुडते याची मला जाणीव आहे, म्हणून मात्रा वाढवायची झाल्यास सुटीच्या दिवसाच्या आदल्या रात्री वाढवावी आणि तसे डॉक्टरांना सांगून ठेवावे. शिवाय कमरेतून उतरणाऱ्या कळांवर प्रीगाबालिनचा उपयोग चाचण्यांत फारसा दिसलेला नाही. आपल्याला गुण येत नसेल तर ते चालू ठेवण्याचे कारण नाही. पायातील जोर कमी झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र गोळ्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

प्रश्न : चेहऱ्याच्या एका बाजूला दात घासताना विजेसारखी कळ येते. दोन दाढा काढल्या, तरी थांबली नाही.
— एक वाचक, धंतोली

उत्तर : आणखी दात काढू देऊ नका. वर्णन चेहऱ्याच्या नसेच्या विकाराचे आहे, आणि त्यावर पहिले औषध कार्बामाझेपिन हे आहे. येथे वर सांगितलेल्या गोळ्यांपेक्षा त्याचाच गुण अधिक येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ उठले तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मेंदूरोगतज्ज्ञांकडून एमआरआयची गरजही तपासून घ्यावी.

प्रश्न : माझ्या भावाचे (वय २८) कोपर आतल्या बाजूने फार दुखते, करंगळीला मुंग्या येतात. दंडावर एक फिकट चट्टा आहे, तेथे चिमटा काढला तरी कळत नाही. दोन महिने प्रीगाबालिन घेऊन उपयोग नाही. मात्रा वाढवावी का?
— एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : मात्रा वाढवू नका, आणि हे उत्तर वाचताच भावाला त्वचारोग विभागात घेऊन जा, ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो रुग्णालय, कोठेही चालेल. संवेदना नसलेला फिकट चट्टा आणि कोपराजवळ दुखणारी नस ही कुष्ठरोगाची लक्षणे असू शकतात, आणि विदर्भात ही शक्यता प्रत्येक डॉक्टरने मनात धरलीच पाहिजे. डॉक्टर बोटांनी ती नस जाड झाली आहे का ते पाहतील आणि गरज वाटल्यास चट्ट्याचा नमुना तपासतील. निदान झाल्यास बहुविध औषधोपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतो. तो सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याचा धोका झपाट्याने नाहीसा होतो, त्यामुळे घरात त्याचे ताट वेगळे करण्याचे काहीही कारण नाही.

नसेला सूज येऊन ती दुखत असेल तर तेथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागते. ते मोठ्या मात्रेत सुरू करून कित्येक आठवड्यांत उतरवतात. प्रीगाबालिन अशा वेळी वेदना थोडी झाकते, पण नस मरत राहते आणि बोटे वाकू लागतात. नसेचे काम बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू झाले तर ताकद आणि संवेदना परत येण्याची आशा चांगली असते. आपल्या भावाचे त्यांतले दोन महिने गेले आहेत. करंगळी सरळ करता येते का आणि बोटांमध्ये कागद घट्ट धरता येतो का, हे आज घरी पाहून ठेवा आणि उद्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगा.